पिवळा रंग उतरेपर्यंत

परब सरांच्या विरोधात मी एकदा पत्रक काढलं होतं. दोन्ही बाजूंनी छापलेला एकच कागद, चार मुद्दे, खाली माझं पूर्ण नाव. निनावी पत्रक आमच्या घरात भ्याडपणाचं समजतात. घाटकोपरच्या आमच्या दीड खोलीत कपड्यांच्या कपाटापेक्षा पत्रकांची ट्रंक मोठी होती. वडील एका सरकारी कचेरीत शिपाई, पण वस्तीत मोर्चा असो की सभा, मजकूर त्यांच्याकडूनच लिहून घेत. मी अंकलिपीपेक्षा त्या कागदांवरूनच वाचायला शिकले. अन्याय दिसला की कागद काढायचा, हे मला जेवणाआधी हात धुण्याइतकं साधं वाटत आलंय. त्या चार मुद्द्यांचं पुढे काय झालं ते सांगायचं, तर आधी परब सर कोण होते ते सांगायला हवं.

अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. औषध कंपन्यांना हवे असलेले रेणू कसे बनवायचे, त्याच्या पद्धती आम्ही शोधायचो. पद्धत बसली की ती शहराबाहेरच्या कारखान्यात मोठ्या भांड्यात जायची. परब सर तिथले सगळ्यात जुने केमिस्ट. गिरणी कामगाराचा मुलगा, मूळचे कुडाळकडचे, राहायला जोगेश्वरीला. पीएचडी नव्हती, त्यामुळे दरवाजावर नावाची पाटी नव्हती. पण डायझोचं टेबल त्यांचं होतं, आणि त्या टेबलापाशी त्यांच्या परवानगीशिवाय कोणी मोठ्याने शिंकतही नसे.

डायझो म्हणजे काय, हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "रेणूच्या शेपटीला नायट्रोजनचे दोन अणू लटकलेत. ते पळायला टपलेत. योग्य धातूचा कण दिसला रे दिसला की पळतात. मागे राहतो तो कार्बन उपाशी. समोर येईल त्याला मिठी मारतो. त्या मिठीचे आपल्याला पैसे मिळतात, काय समजलीस?"

तो योग्य धातू म्हणजे ऱ्होडियम. अतिशय महाग, पण चिमूटभरही लागत नाही. स्वतः न संपता तो हजारो रेणूंचं काम उरकतो. डायझोचं द्रावण पिवळं असतं. ते थेंबाथेंबाने सोडायचं, पळालेला नायट्रोजन तेलाच्या नळीतून बुडबुड्यांनी बाहेर येतो, आणि फ्लास्कमधला पिवळा रंग उतरत जातो. थेंब पडतायत आणि बुडबुडे येत नाहीत, तर थांबायचं. कारण मग डायझो नुसता साचत असतो. साचलेला डायझो एकदम पेटला तर फ्लास्क राहत नाही, आणि भांडं मोठं असेल तर भिंत राहत नाही.

परब सर बुडबुडे मोजायचे. यंत्र होतं मोजायला, तरी स्वतः मोजायचे. जाड पारदर्शक ढालीमागे स्टूल टाकून बसत, ओठ हलत असत, लांबून जप चाललाय असं वाटे. मध्ये फोन वाजला तर घेत नसत. एकदा त्यांच्या बायकोने ऑफिसच्या फोनवर निरोप ठेवला की पाहुणे आलेत, लवकर या. निलेशने, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने, तो कानाशी जाऊन सांगितला. सर म्हणाले, "पाहुण्यांका सांग, पिवळो रंग उतरलो की येतंय."

त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. नव्या बाटलीवरचं लेबल ते बातमी वाचल्यासारखं वाचायचे, म्हणजे आधीच खोटी धरून. तराजूवर तपासणीचा शिक्का असे, तोही त्यांना पुरत नसे. त्यांच्याकडे वडिलांच्या मागावरचा एक पितळी नट होता. त्याचं वजन त्यांना चार दशांशापर्यंत पाठ. रोज सकाळी तो तराजूवर ठेवायचा, आकडा बघायचा, मग मान हलवायची. "आज काटा शुद्धीवर आहे. करा काम."

माझ्यावरही विश्वास नव्हता, हे सांगायला नको. मी एखादा आकडा सांगितला की विचारत, "कोण म्हणतं?"

"मी म्हणते, सर. मीच मोजलं."

"तू म्हणतेस हे ऐकलं. काटा काय म्हणतो?"

निलेश हसायचा. मला हसू येत नसे. संशय म्हणजे काय, हे मी काट्याकडून शिकले नव्हते. घर भाड्याने बघायला गेल्यावर आडनाव ऐकून "खोली कालच गेली" म्हणणाऱ्या बाईकडून शिकले होते. त्यामुळे सर बाटलीकडे बघत तसं मी सरांकडे बघायचे. हा माणूस माझ्याशी असा वागतो तो सगळ्यांशीच वागतो म्हणून, की मी कांबळे आहे म्हणून? पाच वर्षं हा प्रश्न मी रोज डब्याबरोबर घेऊन जात होते.

आता माझ्या लोखंडाची गोष्ट.

एका औषधाच्या रेणूत तीन कार्बनचं लहानसं कडं लागायचं. डायझो आणि ऱ्होडियम वापरलं की ते बनायचं, पण ऱ्होडियममुळे महाग पडायचं. मी म्हटलं, लोखंड वापरून बघू. लोखंडाचा साधा क्षार, कुठल्याही दुकानात मिळणारा. सगळ्यांनी वेड्यात काढलं. आणि एका मंगळवारी थेंब पडू लागले, बुडबुडे सुटले, रंग उतरला, कडं तयार. मी दोनदा परत केलं. तिन्ही वेळा झालं.

महाग धातूचं काम लोखंडाने करून दाखवलं, याचा आनंद मला केमिस्ट म्हणून झाला त्याहून जास्त माझ्या बापाची मुलगी म्हणून झाला. औषध स्वस्त होईल. आणि मनातल्या मनात मी लोखंडाची बाजू घेऊन भांडतही होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे रीत होती, रिॲक्शन बसली की पेढे वाटायचे. मी वाटले. निलेशने दोन उचलले. "झकास, यार! आता कारखान्यात तुझं नाव." परब सरांसमोर बॉक्स धरला. त्यांनी पेढ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"ठेव तिथे टेबलावर."

मी टिश्यूवर ठेवला. संध्याकाळी जाताना पाहिलं, तर टेबलावर तो नव्हता, पण त्यांनी खाल्लेलाही मी पाहिला नव्हता. माझ्या हातचा पेढा. मी काय समजायचं होतं? जे समजायचं ते समजले.

आठवड्याने आमच्या विभागप्रमुखांनी बोलावलं. त्यांना सगळे नुसतं डॉक्टर म्हणत. डॉक्टर खूश होते. कारखान्यात पाचशे लिटरच्या भांड्यात लोखंडाची पद्धत चालवायची तारीख त्यांनी ठरवूनही टाकली होती. फक्त एक सही हवी होती. पद्धत कारखान्यात पाठवण्याच्या कागदावर सही करायचा अधिकार काही ठरावीक लोकांनाच होता. त्यांची यादी दरवर्षी निघायची. पाच वर्षं काम करून माझं नाव त्यात नव्हतं. माझ्यानंतर आलेल्या निलेशचं होतं. डायझो असेल तर सही परब सरांची.

परब सरांनी माझी वही तीन दिवस वाचली. मग म्हणाले, "सही नाही."

"का, सर?"

"तुझे बुडबुडे तिसऱ्या मिनिटाला सुटतात. लोखंडाला एवढी घाई नसते."

"म्हणजे मी खोटं लिहिलं?"

"खोटं लिहिलं असतंस तर सातवं मिनिट लिहिलं असतंस. नवा फ्लास्क घे, नवा मॅग्नेट घे, परत कर."

मॅग्नेट म्हणजे फ्लास्कच्या तळाशी फिरून द्रावण ढवळणारा बोटाच्या पेराएवढा चुंबक, पांढऱ्या प्लास्टिकच्या वेष्टनातला. मी म्हटलं, तीनदा केलंय. ते म्हणाले, "तीनदा एकाच भांड्यात केलंस. ते एकदाच झालं."

निलेशची रिॲक्शन अडवताना त्यांनी कधी मॅग्नेट बदलायला सांगितला होता? मला आठवत नव्हतं. आठवून बघायची मी तसदीही घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या प्रत्येक टेबलावर माझं पत्रक होतं. मथळा: 'गुणवत्तेचे पहारेकरी की प्रगतीचे मारेकरी?' मुद्दा पहिला, परब सर ठरावीक सहकाऱ्यांच्या हातचं खात नाहीत. दुसरा, कनिष्ठांचं सिद्ध झालेलं काम ते कारण न देता अडवतात. तिसरा, सहीच्या यादीत इतक्या वर्षांत आमच्यातलं एकही नाव आलेलं नाही. चौथा, ते सर्वांसमोर ओरडतात.

परब सर आत आले, कागद उचलला, चष्मा लावला, उभ्यानेच दोन्ही बाजू वाचल्या. मग घडी घालून खिशात ठेवला आणि डबा उघडला. निलेश माझ्या कानात म्हणाला, "वाट लावलीस. तुझी की त्यांची, ते कळेल."

मला ते तिथल्या तिथे संपवायचं होतं. नवा मॅग्नेट हवाय ना? देते. मी स्टोअरमधून सीलबंद पाकीट आणलं, नवा फ्लास्क आणला आणि सगळ्यांदेखत डायझोच्या टेबलावर मांडामांड केली. सर स्टूल मागे ओढून बाजूला झाले. लोखंड टाकलं. पिवळे थेंब सोडायला सुरुवात केली.

तिसरं मिनिट गेलं. सातवं गेलं. दहावं.

तेलाच्या नळीत काही नव्हतं. फ्लास्क पिवळा होता. पुढचा थेंब पडला तसा आणखी पिवळा झाला.

"थांबव," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

मी थांबवलं. मागून कोणीतरी खोकलं. मी माझा जुना मॅग्नेट घेतला, तोच, तिन्ही वेळचा. त्याचं पांढरं वेष्टन करड्या रंगाचं झालं होतं. ते मी रोज बघत होते. तो दुसऱ्या नव्या फ्लास्कमध्ये टाकला, आणि या वेळी लोखंड टाकलंच नाही. कुठलाच धातू नाही. थेंब सोडले.

तिसऱ्या मिनिटाला बुडबुडा आला.

मग दुसरा. मग ओळीने. रंग उतरू लागला.

माझ्या आधी तो मॅग्नेट कोणीतरी ऱ्होडियमच्या रिॲक्शनसाठी वापरला होता. घासलेल्या प्लास्टिकमध्ये ऱ्होडियमचे कण रुतून बसले होते, ॲसिटोनने धुऊन न जाणारे, दिसणारही नाहीत इतके. तेवढे पुरले. माझ्या लोखंडाने तिन्ही वेळा काहीच केलं नव्हतं.

आणि कारखान्यातल्या भांड्यात तो मॅग्नेट नसता. तिथे लोखंड असतं, डायझो असता, बुडबुडे नसते, आणि माझ्या वहीवर विश्वास ठेवून पाळीवरच्या माणसांनी थेंब सोडत ठेवले असते. पाचशे लिटर पिवळं. मी ते चित्र पुरतं डोळ्यांसमोर आणू शकले नाही, अजूनही आणत नाही.

सर एवढंच म्हणाले, "लिहून काढ. आत्ता. उद्या वेगळं आठवेल."

मी लिहून काढलं, खाली सही केली, डॉक्टरांकडे गेले आणि पद्धत मागे घेतली. डॉक्टर म्हणाले, "थोडं थांबून, शांतपणे बघितलं असतं तर? तारीख दिली होती आपण." तारखेची त्यांना खरंच हळहळ वाटत होती. मी त्यांच्याकडेही नीट बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर माझं पत्रक होतं. परब सरांनी ते माझी वही तपासतात तसं हिरव्या शाईने तपासलं होतं. पहिल्या मुद्द्यासमोर: 'नमुना एकच. डावा खण उघडून बघावा.' दुसऱ्यासमोर: 'कारण दिले होते. तिसरे मिनिट.' चौथ्यासमोर: 'मान्य. बायकोही म्हणते.'

मी त्यांच्या टेबलाचा डावा खण उघडला. आत पेढे होते. दगड झालेले, कागदात गुंडाळलेले, प्रत्येकावर चिठ्ठी: नाव, रिॲक्शन, तारीख. निलेशचे तीन. डॉक्टरांचा एक, बुरशी आलेला. माझा सगळ्यात वर.

"हे काय आहे, सर?"

"दुसऱ्या कोणी दुसऱ्या भांड्यात करून दाखवलं की खातो."

"डॉक्टरांचा अजून तसाच आहे."

"हो. तो राहणार."

मी हसले असते. पण कागद हातात होता, आणि तिसऱ्या मुद्द्यासमोर त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. यादीत इतक्या वर्षांत आमच्यातलं एकही नाव नाही. हिरव्या शाईचा एक ठिपका होता तिथे, पेन टेकवून उचलल्यासारखा.

"तिसऱ्याचं काय?"

परब सरांनी ढालीवरचा डाग नखाने खरवडायला घेतला. "ती यादी मी बनवतो. डॉक्टर फक्त सही करतात. अकरा वर्षं."

मला हे माहीत नव्हतं. मी पत्रकात व्यवस्थापनाला झोडपलं होतं.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला? कोणाला घ्यायचं, कोणाला नाही?"

"कोणी नाही. मागच्या वर्षीची काढायचो. सोडून गेला त्याचं नाव खोडायचो, त्याच्यासारखाच कोण दिसला की घालायचो." त्यांनी डाग सोडला. "त्याच्यासारखो. आता बघतंय तर सगळी एकाच घरातली वाटतत."

"आणि मी?"

"तुझं काम निलेशपेक्षा बरं आहे. हे मला ठाऊक होतं."

"तरी?"

"तरी डोक्यातच आलं नाही गो," ते म्हणाले. "मी बाटलीवरच्या लेबलाला शंभर प्रश्न विचारतो. ह्या कागदाला एकसुद्धा विचारला नाही. माझ्याच अक्षरातला होता ना."

हे वाचून कोणाच्या डोळ्यात पाणी येत असेल, तर माझ्या आलं नाही. डोक्यात येत नाही तीच तर आमची तक्रार आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची. शिवी देणाऱ्याशी भांडता येतं. ज्याच्या मनात तुम्ही येतच नाही, त्याच्याशी कुठल्या कागदाने भांडायचं? मी त्यांना तसं तोंडावर म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. माफी मागितली नाही. मागितली असती तर ती खरी की सोयीची, यावर मी आणखी एक पत्रक काढलं असतं, हे त्यांना कळलं असावं.

मी नवं पत्रक काढलं ते लहान होतं: पहिला आणि दुसरा मुद्दा चुकीचा होता, मागे घेते, तिसरा कायम आहे. कॅन्टीनच्या प्रत्येक टेबलावर ठेवलं. त्यांनी तेही तपासलं. एका वेलांटीखेरीज चूक काढली नाही.

दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर डायझोचं टेबल कोण बघणार हे त्या वर्षीच्या यादीवर ठरणार होतं. परब सरांनी यादी नव्याने केली. मागच्या वर्षीची समोर न ठेवता, प्रत्येकाच्या वह्या मागवून. मी त्यात होते. भंडारातला गायकवाड, पॅकिंगमधून शिकून वर आलेली शबाना, ती दोघंही होती. डॉक्टरांनी कागद ठेवून घेतला. म्हणाले, तुमच्या जागी नवीन माणूस येऊ दे, मग बघू. एवढी घाई कशाला. सरांनी दोनदा विचारलं. दोनदा तेच उत्तर.

शेवटच्या दिवशी कॅन्टीनमध्ये केक आणला होता. शाल होती, नारळ होता, निलेशने भाषण पाठ केलं होतं. साडेचारला सगळे जमले. सर नव्हते. पाच झाले. मला बघून यायला सांगितलं.

ते डॉक्टरांच्या केबिनबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर पारदर्शक फाईल, आत यादी. केबिनचं दार बंद होतं. आत दिवा होता, आणि आतल्याला बाहेर कोण बसलंय हे ठाऊक होतं.

"सर, खाली थांबलेत सगळे. केक."

"कापा म्हणावं."

"तुमच्याशिवाय?"

"सही झाल्याशिवाय मी इथून हलत नाही. सांगून ठेवलंय आत."

"आणि नाही केली तर? उद्यापासून तुमचं कार्डसुद्धा चालणार नाही."

"म्हणून आज बसलोय."

मी शेजारची खुर्ची ओढली. त्यांनी हाताने थांबवलं.

"तू नको बसू. तू बसलीस तर तुझ्यासाठी बसलो असं होईल. ही माझी चूक आहे, माझ्या अक्षरातली. जा तू."

मी गेले. जिन्याच्या वळणावरून मागे पाहिलं. त्यांनी फाईलमधून कागद काढला होता, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरला होता, आणि पहिल्या नावापासून एकेक नाव ओठ हलवत वाचत होते. डॉक्टरांनी केबिनचं दार उघडलं. ते उठून उभे राहिले, कागद पुढे केला, आणि आत जायला जागा दिसत असूनही उंबऱ्यातच उभे राहिले, म्हणजे दार लावता येऊ नये.